त्याच्याच भल्यासाठी

३ जुलै २०२४

प्राचार्यांनी आज बोलावून घेऊन 'विद्यार्थी आधार कक्ष' माझ्या गळ्यात घातला. वरून आदेश आलाय म्हणे, प्रत्येक कॉलेजात मुलांच्या मानसिक आरोग्याची सोय पाहिजे. "हिरेमठ मॅडम, तुमच्याइतकं मायाळू माणूस आपल्याकडं दुसरं कोण आहे?" इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवतेय, असलं लोणी मला लांबूनही कळतं. तरी बरं वाटलं, हे इथं लिहायला हरकत नाही. ही वही कोण वाचणार आहे!

खोली दिली ती जिन्याखालची. आत मोडकी बाकं, गॅदरिंगचे पडदे आणि उंदरांचा संसार. आमच्या लॅबचा शिपाई बसू मदतीला आला म्हणून संध्याकाळपर्यंत फरशी तरी दिसायला लागली. भिंतींना फिकट हिरवा रंग द्यायला सांगितलाय. विरुपाक्ष म्हणाले, "दवाखाना वाटेल." नवरा चिंचोळीच्या औषध कारखान्यात नोकरीला असला की त्याला घरीदारी दवाखानेच दिसायचे.

१५ जुलै

समुपदेशक आली. शिवानी नाव. मूळची मोहोळची, पुण्यात मानसशास्त्र शिकलेली, आठवड्यातले तीन दिवस, कंत्राटावर. माझ्या भाचीएवढी पोरगी. आल्या आल्या पहिलं काम काय केलं, तर दाराच्या काचेला आतून कागद चिकटवला. मग टेबल फिरवून घेतलं, म्हणजे बाहेरून जाणाऱ्याला आत बसलेल्याचं तोंड दिसायला नको.

मी म्हटलं, "अगं, आपण काय चोरी करतोय का?"

"आपण नाही, मॅडम. पण आत येणाऱ्याला तसं वाटत असतं."

उत्तर तयारच असतं हिचं. मी म्हटलं, दर शनिवारी कोण कोण येऊन गेलं ते मला सांगत जा. तर म्हणते, "किती आले ते सांगेन. कोण आले ते नाही सांगता येणार." कक्षाची प्रमुख मी, आणि माझ्याच कक्षात मला मज्जाव! हसून सोडून दिलं. नवी आहे, कळेल हळूहळू.

२२ ऑगस्ट

आज लॅबमध्ये गुफरानचं झालं ते डोळ्यांसमोरून हलत नाही.

गुफरान शेख, तिसऱ्या वर्षाला आहे. शुक्रवार पेठेत वडलांचं मोटारी वाइंडिंग करायचं दुकान. मुलगा हुशार, अक्षर मोत्यासारखं, मागच्या बाकावर बसला तरी प्रश्न नेमका विचारणार. टायट्रेशन चालू होतं, ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब सोडणं. एकदम त्याचे हात थरथरायला लागले आणि ब्युरेट स्टँडसकट खाली. काचेचा आवाज झाला तशी सगळी पोरं वळून बघायला लागली. तो कुणाकडं न बघता बाहेर गेला.

मी मागोमाग गेले. पाण्याच्या टाकीमागं उकिडवा बसलेला, ओठ पांढरे, श्वास पुरत नव्हता. मला वाटलं हृदयाचं काही. "काही नाही, मॅडम. येतं आणि जातं. थोडं बसू द्या फक्त." मीही बसले शेजारी. साडी भिजली, भिजू दे.

बऱ्याच वेळानं बोलला. वर्षभर गोळ्या चालू आहेत. आधी झोप उडाली, मग पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची पण डोक्यात शिरायची नाहीत. मध्ये महिनाभर तर अंथरुणातून उठावंसं वाटेना. आई एकटी त्याला रिक्षात घालून डॉक्टरांकडं घेऊन गेली. "अब्बांना ठाऊक नाही. वर्गात तर कुणालाच नाही. कुणाला सांगू नका, मॅडम. आता बरं चाललंय माझं. हे हातच तेवढे अधूनमधून..."

मी म्हटलं, "वेडा आहेस का? माझ्या पोटातनं बाहेर जायचं नाही." 'वेडा' म्हणून गेले आणि जीभ चावली. तो मात्र हसला. पहिल्यांदाच हसताना पाहिलं त्याला.

पोरानं किती विश्वास टाकला माझ्यावर! जेवताना विरुपाक्षांना सगळं सांगितलं तेव्हा कुठं मन हलकं झालं. घरच्या माणसाला सांगणं म्हणजे काही बाहेर सांगणं नव्हे.

३० ऑगस्ट

बसूला बाजूला घेऊन सांगून ठेवलं. सांगणं भागच होतं, बाटल्या मांडायचं काम त्याच्याकडं. "गुफरानला गोळ्या चालू आहेत. त्याच्या टेबलावर कडक अ‍ॅसिड ठेवत जाऊ नकोस. आणि हे कुणापाशी बोलायचं नाही."

"व्हय मॅडम. मी कशाला बोलतूय? पर दिसत न्हाय की हो तसा!"

"तसा म्हणजे कसा रे?"

"न्हाय, म्हंजे... शाना दिसतूय की."

आता टायट्रेशन गुफरानचा जोडीदार करतो आणि मी गुफरानला शेजारी रीडिंग लिहायला बसवते. त्याला ताण नको. तो म्हणाला, "मॅडम, मी करतो की. हात थांबतात जरा वेळानं." म्हटलं, "राहू दे, बाळा. मार्कांची काळजी करू नकोस, मी आहे." मान खाली घालून लिहीत बसला. काही मुलांना आभार मानायला जमत नाही, ती गप्पच बसतात.

१९ ऑक्टोबर

परीक्षा जवळ आली. गुफरानला विचारलं, काय सोय करू? म्हणाला, "दाराजवळचं बाक मिळालं तरी पुरे, मॅडम. वाटलं तर बाहेर जाऊन येता येईल."

दाराजवळचं बाक! कायद्यानं वेगळी खोली मिळते, जादा वेळ मिळतो. मी सगळं वाचून काढलंय. त्या मुलाला आपला हक्क माहीत नाही, म्हणून काय मीही गप्प बसायचं? आमचं कॉलेज स्वायत्त, परीक्षा आमच्याच हातात. आज प्राचार्य आणि परीक्षा समितीसमोर विषय मांडला. आधी सगळे नाकं मुरडत होते. "असं एकेकाला दिलं तर उद्या सगळेच म्हणतील, आमचंही डोकं दुखतंय." मग मी टाकीमागचा प्रसंग सांगितला, गोळ्यांचं सांगितलं, आईनं रिक्षातून नेल्याचं सांगितलं. खुलासेवार सांगावं लागलं, त्याशिवाय का कुणाला पाझर फुटतो? गणिताच्या सरांनी तर चष्मा पुसला. ठराव मंजूर.

जिना चढताना पाय जमिनीवर नव्हते माझे.

४ डिसेंबर

गुफरानचे पेपर उत्तम गेले. जिन्याशेजारच्या वर्गात एकटा, समोर एक पर्यवेक्षक. पहिल्या दिवशी जाणारी येणारी पोरं खिडकीतून डोकावत होती, तेव्हा मी स्वतः तिथं उभी राहून सगळ्यांना हाकललं. "त्याला शांतता लागते, कळत नाही का तुम्हाला?" म्हणून ओरडलेसुद्धा.

आज तो शेंगापोळ्यांचा डबा घेऊन आला. "अम्मीनं दिल्यात." पोळ्या अशा खुसखुशीत, की आमच्या सासूबाईंनीही दाद द्यावी. मी म्हटलं, "बघ, वेगळी खोली मिळाली म्हणून पेपर सोपे गेले ना?" म्हणाला, "पेपर सोपे गेले, मॅडम." एवढंच. पण डबा आणला ना! या कक्षाचं चीज झालं असं वाटलं.

शिवानीलाही पोळी दिली. कुणी दिल्या ते सांगितलं तर तिनं विचारलंही नाही कुठला मुलगा म्हणून. नुसतं "छान आहे" म्हणाली. माणसाला उत्सुकता म्हणून काही असते की नाही?

९ जानेवारी २०२५

वाईट दिवस. गुफरान तास संपल्यावर थांबला. दार लोटून घेतलं त्यानं, असं कधी करत नाही.

"मॅडम, तुम्ही कुणाला बोललात का?"

"कशाबद्दल?"

"वर्गात मला 'गोळी' म्हणतात. रोज सकाळी विचारतात, आज घेतली का, नाही तर आम्ही लांब बसतो. बाकावर लिहून ठेवतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नावं विचारली, तो सांगेना. मी म्हटलं, "अरे, मी कुणाला सांगणार? तुला शब्द दिलाय मी." त्यानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग "बरं, मॅडम" म्हणून गेला.

घरी आल्यावर विचार करत बसले. बातमी फुटली कुठून? प्राचार्य असलं बोलणार नाहीत. समितीतली माणसं जबाबदार. बसू तर गरीब गाय. आणि विरुपाक्षांचा कॉलेजशी संबंधच नाही. मग उरतं कोण? दाराला कागद लावून आत बसणारी. गुफरान तिच्याकडं गेला असणार, आणि ही गेली असणार कुठंतरी मैत्रिणींत बोलून. तरुण पोरी, तोंडात तीळ भिजत नाही.

२१ जानेवारी

मिक्सरची मोटार जळली होती, ती घेऊन मुद्दाम शुक्रवार पेठेत गेले. गुफरानच्या वडलांचं, पीरसाबांचं दुकान बोळाच्या तोंडाशी आहे. तांब्याच्या तारांची वेटोळी, वॉर्निशचा वास. गुफरान एका पंख्याची मोटार उघडून बसला होता. तारा इतक्या सफाईनं भरत होता की बघत राहावं. हात जराही कापत नव्हते. मला बघून उभा राहिला. त्याला मी चहा सांगायला पाठवलं.

मुलाला घरातनं आधार पाहिजे. वडलांना अंधारात ठेवून काय भलं होणार? हे मी शांतपणे, चांगल्या शब्दांत सांगितलं. पीरसाब हातातली पक्कड तशीच धरून ऐकत होते.

"कितने दिन से, मॅडम?"

"दीड वर्ष होईल."

"त्याच्या अम्मीला ठाऊक आहे?"

"हो."

"कॉलेजमध्ये ठाऊक आहे?"

"थोड्या जणांना. गरजेपुरतं."

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे. एक बाप सोडून." असं म्हणून त्यांनी पक्कड खाली ठेवली. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. चहा आला तेव्हा बशीत ओतून आधी मला दिला. मग गुफरानच्या पुढ्यातली मोटार उचलून स्वतःच्या मांडीजवळ घेतली. "तू छोड. करंट का काम है. घर जा, आराम कर."

"अब्बा, मैं..."

"बोला ना, छोड."

गुफरानच्या तोंडावर रक्त उरलं नव्हतं. त्याला आज समजणार नाही, पण बापाला काळजी वाटली हेच खूप आहे. लहानपणापासून त्याच दुकानात बसत आलाय तो. काही दिवस विश्रांती मिळाली तर बरंच आहे.

मिक्सरचे पैसे घेतले नाहीत त्यांनी. हात जोडून म्हणाले, "फिर मत आना, मॅडम. म्हणजे, मोटार बिघडली तर पाठवून द्या, कुणाकडनंही."

२५ फेब्रुवारी

मूल्यांकन समिती पुढच्या महिन्यात येतेय. प्राचार्यांना कक्षाच्या अहवालात आकड्यांबरोबर 'उदाहरणं' हवीत. शिवानीनं आकडे दिले. उदाहरणांना नकार. "नावं बदलून दे," प्राचार्य म्हणाले. "नाव बदलून गाव बदलत नाही, सर. आपल्याकडं सगळे सगळ्यांना ओळखतात," ही बाई म्हणाली. प्राचार्यांना!

मग माझाही बांध फुटला. तिला कक्षात गाठलं. म्हटलं, "इथं मोठी तत्त्वं सांगतेस आणि गुफरानचं सगळ्या कॉलेजभर केलंस, ते?"

तिनं माझ्याकडं शांतपणे बघितलं. "कोण गुफरान, मॅडम?"

"तुझ्याकडं येत होता तो!"

"माझ्याकडं कोण येतं ते मी बोलत नाही."

"अगं, मला ठाऊक आहे तो आजारी आहे! त्यानं स्वतः सांगितलंय मला."

"मग त्यानं तुम्हाला सांगितलंय," ती म्हणाली. "मला विचारू नका."

इतकी निर्ढावलेली मुलगी मी पाहिली नाही. तोंडावर विचारलं तरी कबूल नाही. प्राचार्यांना जे वाटतं ते सांगितलं. ते म्हणाले, त्यांनाही तिचं वागणं खटकतच होतं. कंत्राट मार्चला संपतंय, पुढं वाढवायचं नाही असं ठरलं. मी शेरा लिहून दिला: 'संस्थेशी सहकार्य नाही, गोपनीयतेबाबत साशंकता.' मुलांच्या हितापुढं कुणाचं तोंड बघायचं?

२४ मार्च

समिती येऊन गेली. खूश. उदाहरण मीच सांगितलं, नाव न घेता. एक सदस्य म्हणाले, "ही खरी गुरुमाता."

शिवानी गेली. आपली पाण्याची किटली आणि दोन कुंड्या घेऊन गेली, जाताना मला वाकून नमस्कार केला. 

आनंदाची गोष्ट म्हणजे चिंचोळीच्या एका कारखान्याच्या तपासणी लॅबसाठी मुलाखती झाल्या आणि आमच्या वर्गातून गुफरानची निवड झाली! रोजे चालू आहेत, तोंड सुकलेलं, तरी डोळे चमकत होते. मला पेढा दिला, स्वतः हातात धरून उभा राहिला, संध्याकाळी खाईन म्हणाला. "मॅडम, लॅबमध्येच काम आहे. दिवसभर टायट्रेशन." जुना गुफरान दिसला मला त्यात.

त्या लॅबचे प्रमुख विरुपाक्षांच्या रोजच्या बसमधले. जेवताना म्हटलं, "त्यांना एक शब्द टाकून ठेवा. मुलगा हिऱ्यासारखा आहे, पण जरा सांभाळून घ्या म्हणावं. रात्रपाळी देऊ नका, एकदम ताण देऊ नका." विरुपाक्ष म्हणाले, "कारण विचारतील." "मग सांगा की खरं काय ते. लपवण्यासारखं काय आहे त्यात? आजकाल सगळ्यांना समजतं."

५ एप्रिल

कारखान्यानं गुफरानला कळवलं, जागा भरली. निवड झालेल्या बाकी कॉलेजांतल्या मुलांना पत्रं आली, त्यालाच नाही.

विरुपाक्षांनी बसमध्ये विचारलं. लॅबप्रमुख म्हणाले, "हिरेमठसाहेब, तुम्हीच सांगितलंत म्हणून बरं झालं. आमच्याकडं विषारी रसायनं असतात. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

म्हणजे माणुसकीनं खरं सांगितलं, त्याचं हे फळ!  या शहराला झालंय काय? शिकलेली, सुटाबुटातली माणसं, आणि अजून गोळ्या म्हटलं की दोन पावलं मागं सरतात. विरुपाक्षांना म्हटलं, "तुम्ही नीट सांगितलं नसणार." ते म्हणाले, "तू सांगितलंस तेच सांगितलं." आणि पेपर तोंडासमोर धरला. 

१६ एप्रिल

आज अंतिम प्रॅक्टिकल. गुफरान आला नाही. फोन बंद. बाहेरचे परीक्षक थांबायला तयार होईनात. शेवटी त्याच्या नावासमोर 'गैरहजर' माझ्याच हातानं लिहिलं. वर्ष गेलं पोराचं.

उन्हाचा तडाखा असा की रस्त्यावर चिटपाखरू नाही. तशीच रिक्षा करून शुक्रवार पेठेत गेले. मनात नको नको ते येत होतं. दुकानाला कुलूप. घराचा दरवाजा त्याच्या आईनं, बिबीजाननं उघडला. डोळे सुजलेले. मी दाराच्या चौकटीला धरून म्हटलं, "गुफरान?"

"आहे, मॅडम. जिंदा आहे."

मी पायरीवरच बसले. त्यांनी पाणी आणून दिलं. काल सकाळी कुणाला न सांगता निघून गेला होता. पीरसाब रात्रभर स्टेशन, तलाव, स्टँड फिरत होते. आज दुपारी फोन आला, बार्शीत मामूकडं आहे. पीरसाब तिकडंच गेलेत.

"परीक्षा तरी द्यायची होती," मी म्हटलं. "मी सगळी सोय केली होती. त्याला नुसतं बसून रीडिंग लिहायची होती."

बिबीजान पदराचं टोक दातांत धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, तो परवा रात्री म्हणत होता, अम्मी, मला कुणी काही करूच देत नाही."

मी त्यांचा हात धरला. आजारात माणूस असंच बोलतं, मनावर घेऊ नका, असं समजावलं. त्यांनी हात सोडवून घेतला आणि रिकामा पेला उचलून आत नेला. परत बाहेर आल्या नाहीत. मीच दार ओढून घेतलं.

२८ जून

नवं वर्ष सुरू झालं. कक्षाला नवी समुपदेशक मिळालेली नाही, तोवर मीच बसते. दाराचा कागद काढून टाकला, दार उघडं ठेवते. उजेड येतो, वारा खेळता राहतो. अजून कुणी आलेलं नाही. सुरुवातीला मुलं ताजीतवानी असतात.

बसू चहा घेऊन आला होता. म्हणाला, "मॅडम, ती शिवानी मॅडम हुती तवा पोरं मागल्या दारानं यायची. लई यायची." जिन्याखालच्या त्या खोलीला मागचं दार आहे हे मला ठाऊकच नव्हतं. पडद्यांच्या गठ्ठ्याआड झाकलेलं होतं. शिवानीनं कधी मोकळं केलं कुणास ठाऊक.

११ जुलै २०२५

आज बार्शीला एका कॉलेजात माझं व्याख्यान होतं, आमच्या कक्षाच्या कामावर. आता बोलावणी येतात. मोटार वाइंडिंगवाल्याच्या हुशार मुलाचं उदाहरण दिलं. नाव घेतलं नाही, ती काळजी मी घेतेच. सभागृह चिडीचूप. नंतर दोन मुली येऊन रडल्या.

परतीच्या बसला वेळ होता. गुफरान चन्नप्पा शेठच्या आडतीत कामाला लागलाय, हे ऐकून होते. बाजारात विचारत गेले. ज्वारीच्या पोत्यांमध्ये उभा राहून काट्यावरचं वजन मोठ्यानं सांगत होता. अंगानं भरलाय. उन्हानं रापलाय. मला बघितलं आणि आकडा सांगता सांगता थांबला.

चन्नप्पा शेठ भला माणूस. हिरेमठ म्हटल्यावर कन्नडमध्येच सुरू झाले, माहेर कुठलं, मठ कुठला, सगळी चौकशी. मला गादीवर बसवलं, लस्सी मागवली. मग मराठीत म्हणाले, "पोरगं सोन्यासारखं हाय बघा, बाई. हिशेब तोंडपाठ. मापात पाप न्हाय. मला कोडं पडलंय, असं पोरगं कॉलेज सोडून हितं पोती मोजायला का आलं? तुमी शिकवलंय, तुमाला म्हाईत असंल की."

मी लस्सीचा पेला खाली ठेवला. मला एवढंच सांगायचं होतं, की त्याला फार वेळ उन्हात उभं करू नका. गोळ्यांनी चक्कर येते कधी कधी. त्याच्याच भल्यासाठी. कळलेलं असलं तर माणूस सांभाळून घेतो.

"शेठ," गुफरान काट्याजवळून म्हणाला, "मॅडमच्या बसची वेळ झाली." त्यानं माझी पिशवी उचललीसुद्धा.

बस सुटायला अजून पुष्कळ अवकाश होता. पण तो भरभर चालत निघाला, मला जवळजवळ पळावं लागलं. वाटेत विचारलं, परीक्षेचं काय? "देणार. इथल्या कॉलेजातून. विचारून ठेवलंय." तब्येत? "चांगली." गोळ्या? त्यानं आजूबाजूला बघितलं आणि बोलला नाही. मी म्हटलं, "अरे, कुणी ऐकत नाही."  जरा पुढं गेल्यावर मग म्हणाला, "शिवानी मॅडमचा फोन असतो दर रविवारी. पहिल्यापासून त्यांच्याकडंच जात होतो मी."

म्हणजे ती ओळखत होती याला! आणि मला तोंडावर 'कोण गुफरान' म्हणाली. खोटारडी, असं आता इथं लिहिलं आणि खोडलं. दुसरा शब्द सुचत नाही.

"तिला सगळं सांगितलं होतंस?" मी विचारलं.

"सगळं. तुम्हाला सांगितलं नव्हतं तेपण."

"आणि तेही... बाहेर आलं?"

"नाही, मॅडम," तो म्हणाला. "ते नाही आलं."

स्टँडवर त्यानं मला खिडकीशी जागा धरून दिली. पिशवी वर ठेवली. पाण्याची बाटली आणून दिली. मग खाली उतरून खिडकीखाली उभा राहिला, उन्हात. बस निघायचं नाव घेईना. मी म्हटलं, "जा रे आता. शेठ वाट बघत असतील."

"बघू देत."

"अरे, ऊन किती आहे. मी जाईन नीट. तू दुकानात जा."

त्यानं एकदा आपल्या बाजाराच्या रस्त्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. आवाज अगदी अदबीचा होता.

"बस सुटू द्या, मॅडम. मग जातो."